सोने मोडल्यानंतरचे आजारपण

पेशंटच्या बायकोच्या कानांकडे डॉक्टरांचे सहसा लक्ष नसते. ते असते, तर केसपेपरवर न येणाऱ्या पुष्कळ गोष्टी कळल्या असत्या. ॲडमिट करताना कानात कुड्या असतात, गळ्यात मंगळसूत्राबरोबर एखादी बोरमाळ असते. दहा-बारा दिवसांनी डिस्चार्ज कार्ड घ्यायला तीच बाई येते, तेव्हा भोक बुजू नये म्हणून कानात काडी खोवलेली असते आणि बोरमाळेची जागा मोकळी असते. कार्डावर डॉक्टर लिहितात, ‘प्रकृतीत सुधारणा, घरी सोडले.’ घरातून काय गेले, याचा रकाना त्या कार्डावर नसतो.

सांगली-मिरजेच्या दवाखान्यांत सगळ्या जिल्ह्यातून आणि शेजारच्या कर्नाटकातूनही माणसे येतात. जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडून आलेल्या कुटुंबाला शहरात दोन ठिकाणे माहीत असावी लागतात, एक दवाखाना आणि दुसरे सराफाचे दुकान. सांगलीला सराफी नवी नाही. गाडगिळांची पेढी इथे 1832 साली सुरू झाली. पिढ्यानपिढ्यांचा व्यवहार असल्यामुळे आजोबांनी ज्या गल्लीत दागिना घेतला, त्याच गल्लीत नातू तो मोडायला येतो, असेही घडते.

हार्ट ॲटॅक येऊन गेलेला पन्नाशीतला एखादा शेतकरी डोळ्यांसमोर आणावा. अँजिओप्लास्टी झाली आहे, इको चांगला आहे, रक्तदाब ताब्यात आहे. तरी दीड महिन्याने तो तपासणीला येतो तो खांदे पाडून. जेवण जात नाही, पहाटे तीनला जाग येते, गोळ्या अर्ध्याच घेतल्या आहेत. का, असे विचारले तर म्हणतो, “आणि किती खर्च करायचा माझ्यावर?” इथे थांबून आणखी एक प्रश्न विचारला, तरच खरी गोष्ट बाहेर येते. आईची बोरमाळ आणि पाटल्या मोडून पैसे भरलेले असतात. आई काही बोललेली नसते. उलट म्हणालेली असते, “आरं, माळ कशाला पायजे मला आता? तू हाईस नव्हं?” आणि नेमके तेच वाक्य त्याच्या छातीवर बसलेले असते.

हार्ट ॲटॅकनंतर साधारण पाचांतल्या एका पेशंटला नैराश्य गाठते आणि अशा पेशंटच्या जिवाला पुढे धोकाही जास्त असतो. हे वैद्यकशास्त्राला चांगले ठाऊक आहे. नैराश्याची कारणे अनेक असतात आणि सगळा दोष बोरमाळेवर टाकता येणार नाही. पण ‘माझ्यापायी घरातले सोने गेले’ ही बोच कित्येकांच्या मनात असते आणि ती कोणी विचारत नाही, हेही तितकेच खरे.

मराठी माणसाने या प्रसंगांसाठी शब्द फार जपून वापरले आहेत. बांगडी फुटली तर ती ‘वाढली’ म्हणतात. मंगळसूत्र तुटले तर ते ‘वाढवले’. दुकानसुद्धा बंद करत नाहीत, वाढवतात. वाईट गोष्टीला चांगला शब्द देऊन मनाला सांभाळून घेण्याची ही जुनी रीत. सोने विकण्याला मात्र असा मऊ शब्द मिळालेला नाही. सोने ‘मोडले’ असेच म्हणतात, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसासमोर तो शब्द उच्चारायची वेळ आली की बोलणाऱ्याचा आवाज खाली येतो.

असे का व्हावे? धातू म्हणून पाहिले तर सोन्याचे काहीच बिघडत नाही. 1064 अंश सेल्सिअसला ते वितळते, थंड झाले की पुन्हा सोनेच असते. जगात दरवर्षी बाजारात येणाऱ्या सोन्यापैकी सुमारे चौथा हिस्सा अशा जुन्या सोन्यातून येतो. आजीच्या पाटल्यांतल्या सोन्याचे उद्या कोणाच्या तरी साखरपुड्याची अंगठी किंवा मोबाइलच्या सर्किटवरचा पातळ थर होईल. हिशेबी माणूस म्हणतो, पैसे आले की पुन्हा तेवढेच सोने घेऊ, त्यात काय? पण मन या हिशेबाने चालत नाही, आणि त्यामागे कारण आहे.

ब्रूस हूड आणि पॉल ब्लूम या मानसशास्त्रज्ञांनी 2008 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना एक यंत्र दाखवले आणि ते कोणत्याही वस्तूची हुबेहूब नक्कल काढते असे भासवले. साध्या खेळण्यांच्या बाबतीत मुलांना नवी नक्कल चालत होती. पण जी मुले रोज ज्या बाहुलीला किंवा दुपट्याला कवटाळून झोपत, त्यांनी आपली तीच वस्तू परत मागितली. काहींनी तर ती यंत्रात ठेवूच दिली नाही. वस्तू दिसते कशी, बनली कशाची, यापलीकडे ती ‘तीच’ असण्याला माणूस फार लहानपणापासून किंमत देतो. सत्तर वर्षांच्या बाईला ‘तसलीच दुसरी घेऊ’ म्हणणाऱ्या मुलाने हा प्रयोग लक्षात ठेवायला हवा.

दागिना ‘तोच’ असतो तो काही भाबडेपणाने नव्हे. अंगावर राहून तो खरोखर बदलतो. व्हिएन्नातल्या गेओर्ग श्टाइनहाउझर या रसायनशास्त्रज्ञाने लग्नानंतर वर्षभर दर आठवड्याला आपली अंगठी काढून वजन केले. वर्षात ती सुमारे सहा मिलिग्रॅम झिजली होती. ती 18 कॅरेटची होती. आपल्याकडच्या 22 कॅरेटच्या पाटल्या त्याहून मऊ, आणि त्या घालून भाकऱ्या थापल्या, शेणी लावल्या, भांगलण केली, पोरे न्हाऊ घातली. पन्नास वर्षांत काही दशांश ग्रॅम सोने सहज गेले असेल. ते गेले कुठे? पिठात, मातीत, लेकरांच्या अंगावर. सराफाच्या काट्यावर जी पाटली एका बाजूने पातळ दिसते, ती त्या बाईच्या कामाची नोंद आहे. मुशीत टाकले की ती नोंद पुसली जाते. सोने तेवढेच उरते.

त्यात काट्यावरचा धक्का वेगळाच. बोरमाळेचे मणी पोकळ असतात आणि जुन्या दागिन्यांत आत लाख भरलेली असते. घरात ‘आजीची चार तोळ्यांची माळ’ म्हणून जिचे नाव निघत आले, ती तापवून लाख काढली, दोरा कापला, टंच पाहिला, की चार तोळे राहत नाहीत. सराफ प्रामाणिक असला तरी घरच्यांना फसवल्यासारखे वाटते. कोणावर संशय घ्यावा ते कळत नाही आणि मग तो संशय कधी सुनेवर, कधी मेलेल्या सासऱ्यावर जातो. दागिना मोडायला नेण्यापूर्वी ही लाखेची आणि घटीची गोष्ट घरात कोणीतरी समजावून सांगितली, तर पुढची भांडणे टळतील.

सांगली जिल्ह्याचे या विषयाशी आणखी एक नाते आहे. देशभरचे जुने सोने वितळवण्याचे काम ज्यांच्या हातांनी होते, त्यांत विटा, खानापूर, आटपाडीच्या माणसांचा मोठा वाटा आहे. दुष्काळी माळावर पोट भरेना, म्हणून या भागातली माणसे गलाईच्या धंद्यात शिरली आणि केरळ, तामिळनाडूपासून पंजाब, आसामपर्यंत पसरली. परक्या गावातल्या सराफ बाजारात मागच्या अंगाला एक खोली, भट्टी, मुशी आणि तेजाब. जुन्या सोन्यात चांदी मिसळून सोन्याचे प्रमाण साधारण एक चतुर्थांशावर आणायचे, नायट्रिक ॲसिडमध्ये उकळायचे, चांदी-तांबे त्यात विरघळते आणि तळाशी विटकरी भुकटी राहते. तेच शुद्ध सोने. ते धुऊन, सवागी घालून पुन्हा वितळवले की लगड तयार. तेजाबात गेलेली चांदी तांब्याचे पत्रे टाकून परत मिळवतात.

या कामात उठणारा तपकिरी धूर फुप्फुसाला घातक असतो. धूर घेतल्यावर लगेच फारसे काही वाटत नाही आणि काही तासांनी फुप्फुसात पाणी भरून श्वास कोंडतो. धुराड्याशिवाय, बंद खोलीत काम करणाऱ्या गलाईवाल्याला हे कोणीतरी सांगायलाच हवे, आणि संध्याकाळी दम लागला तर सकाळचा धूर आठवून त्याने दवाखाना गाठायला हवा. एरवी हे गलाईवाले दुसऱ्याचा दागिना मुशीत टाकताना फार विचार करत नाहीत, करून चालणारही नाही. पण दागिना घेऊन येणाऱ्याने एक गोष्ट समजून घ्यावी. दहा घरांचे सोने एका मुशीत गेले, की कोणाचे कोणते हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. ‘रागाच्या भरात दिले, उद्या परत आणतो’ ही सोय इथे नाही. आणि भावाच्या चढउतारात अडकायला नको, म्हणून पुष्कळदा दागिना त्याच दिवशी भट्टीवर जातो.

माणूस गेल्यावर रडायला मुभा असते. तेराव्यापर्यंत घर भरलेले असते, शेजारी पिठले-भाकरी आणतात. सासूचे तोडे मोडले म्हणून रडणाऱ्या सुनेला मात्र लोक हसतात, ‘जीव वाचला त्याचे बघ’ म्हणतात. अमेरिकेतले केनेथ डोका यांनी 1989 साली अशा दुःखाला नाव दिले. त्याला समाजमान्यता नसलेले दुःख म्हणता येईल. ज्याचा उघड शोक करता येत नाही, ते दुःख लवकर ओसरत नाही आणि बऱ्याचदा शरीरातून बोलते. पाठ दुखते, छातीत धडधडते, जेवणावरची वासना जाते. सगळ्या तपासण्या नॉर्मल येतात आणि डॉक्टर व्हिटॅमिनच्या गोळ्या लिहून देतात. वैद्यकीय व्यवसायाने हा आळस सोडला पाहिजे. “आजारपणासाठी घरातले काही विकावे लागले का?” हा प्रश्न विचारायला अर्धा मिनिट लागतो.

चांदीचे तर आणखी अवघड. तिला भाव कमी म्हणून ती विकताना कोणी घरात विचारतही नाही. काळवंडलेली निरांजने, करंडा, ताम्हन, बाळाचे वाळे एका पिशवीत घालून किलोच्या हिशेबाने देतात. तो काळा थर म्हणजे हवेतल्या गंधकाशी चांदीचा झालेला संयोग, चिंचेने किंवा सोड्याने घासला तर निघतो. चांदी खराब झालेली नसते. आणि मुलाच्या पायातले वाळे, ज्यावर त्याचे दुधाचे दात उमटलेले आहेत, ते वजनाला भरतात किती? त्या चार पैशांसाठी आई पुढची वीस वर्षे हळहळणार असेल, तर तो व्यवहार आतबट्ट्याचाच म्हणायचा.

याची दुसरी बाजूही आहे. वारशाने आलेले सगळे सोने मायेचे असते, असे समजण्याचे कारण नाही. काही दागिन्यांच्या मागे हुंड्याची बोलणी असतात, काहींच्या मागे मार खाल्लेली वर्षे. अशी बाई पाटल्या मोडून येते आणि त्या रात्री बऱ्याच दिवसांनी शांत झोपते. तिला कोणी निर्दय म्हणू नये. विधवेने दागिने उतरवायचे, ही रूढी तर अनेक घरांत त्या बाईला न विचारताच पाळली गेली. मिरजेपासून फार लांब नसलेल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे 2022 मध्ये मंगळसूत्र काढणे, बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. दागिना ठेवायचा की मोडायचा हे त्या बाईने ठरवायचे, हा त्यातला आरोग्याच्या दृष्टीने महत्त्वाचा भाग. स्त्रीधनावर हक्क बाईचा, हे सर्वोच्च न्यायालयाने 1985 सालीच स्पष्ट केले आहे. दवाखान्याच्या घाईत मात्र कपाटाची किल्ली बहुतेक वेळा पुरुषाच्या हातात असते.

आणि मुळात सोने घेतले कशासाठी होते? ज्या पिढीने ते जमवले, तिने बहात्तरचा दुष्काळ पाहिला होता. बँक तालुक्याला, डॉक्टर त्याहून लांब. अडीनडीला उपयोगी पडावे म्हणूनच त्या बायकांनी भाजीपाल्याच्या, दुधाच्या पैशांतून एकेक मणी ओवला. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी आयर्विन पुलापाशी 57 फुटांवर गेले, तेव्हा घर सोडताना लोकांनी पोर, म्हातारी आणि दागिन्यांची पुरचुंडी एवढेच उचलले. पाणी ओसरल्यावर त्यातले काही मोडून भिंती उभ्या राहिल्या असतील, तर सोन्याने आपले काम केले. मुलाच्या हृदयासाठी माळ मोडली गेली, तर ती ज्या कामासाठी ओवली होती त्याच कामी आली. आईला हे कळत असते, मुलाला कळत नाही. म्हणून हे मुलाला आईच्या तोंडून, नीट बसून, एकदा ऐकू द्यावे. वाटेवरच्या एका वाक्याने ते होत नाही.

त्रास विकण्याने जितका होतो, त्याहून जास्त तो घाईने आणि लपवाछपवीने होतो. रात्री अकराला रिसेप्शनवर पैसे मागितले जातात आणि सकाळी दहाला दुकान उघडते, या मधल्या वेळेत घरातली दोन माणसे निर्णय घेतात. म्हातारीला ‘लॉकरमध्ये ठेवलंय’ म्हणून सांगतात. ती पुढे दर सणाला माळ मागत राहते, घरचे दर सणाला नवे खोटे बोलतात. एक दिवस तिला कळते, तेव्हा माळेबरोबर मुलावरचा विश्वासही जातो. विसरभोळेपणाचा आजार असलेल्या माणसाच्या बाबतीतही खोटे बोलण्याआधी एकदा खरे सांगून पाहावे. पुष्कळदा ते सोसतात.

घाई टाळण्याचा एक मार्ग पैशांशीच संबंधित आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत हृदयविकार, कॅन्सर, मूत्रपिंडाचे आजार यांवरचे अनेक उपचार बसतात. योजनेतल्या दवाखान्यांत आरोग्यमित्र बसलेला असतो. कपाट उघडण्याआधी त्याला गाठावे, रेशनकार्ड आणि आधार दाखवून हा उपचार बसतो का ते विचारावे. कित्येकांना हे सोने मोडल्यावर कळते, ही लाजिरवाणी गोष्ट आहे आणि ती लाज पेशंटची नाही. सरकारी दवाखान्यातला उपचार हलका, हा समजही अशा वेळी महागात पडतो.

गहाण ठेवावे की मोडावे, हे ज्याच्या त्याच्या कमाईवर ठरते. द्राक्षाचे किंवा हळदीचे पैसे चार महिन्यांत नक्की येणार असतील, तर गहाण ठेवणे बरे, दागिना ‘तोच’ परत मिळतो. पण परतफेडीची खात्री नसताना ठेवलेले गहाण म्हणजे हप्त्याहप्त्याने विकणेच. व्याज चढते, लिलावाची नोटीस येते आणि एकदा सोसायचे दुःख दोन वर्षे सोसावे लागते. अशा घराने सरळ मोडून मोकळे व्हावे, हे शहाणपणाचे.

मोडायचेच ठरले, तर घरात सगळ्यांना सांगून मोडावे. ज्या बाईचा दागिना, तिला चालवत असेल तर तिला बरोबर न्यावे. तिच्या गळ्यात माळ असतानाचा एक फोटो काढून ठेवावा, नुसत्या माळेचा काढू नये. तो पुढे पाहिला जात नाही. सासूने कधी, कशासाठी घेतला होता, ही गोष्ट नातवंडांसमोर सांगायला लावावी. एखादा मणी मागे ठेवता आला तर ठेवावा, त्याने पैशांत फारसा फरक पडत नाही. मोडल्यानंतर काही दिवस मन उदास राहिले तर ते आजारपण नव्हे, राहू द्यावे. दोन आठवडे उलटूनही झोप-जेवण सावरत नसेल, गोळ्या घ्यायचे टाळले जात असेल, ‘मी नसतो तर बरे झाले असते’ असे शब्द तोंडात येत असतील, तर मात्र डॉक्टरांना दाखवायला उशीर करू नये. टेलिमानस या सरकारी सेवेच्या 14416 या नंबरवर दिवसा-रात्री कधीही मराठीतून बोलता येते, पैसे पडत नाहीत.

वजन करण्यापूर्वी सराफ माळेचा दोरा कापतो आणि बाजूच्या ताटलीत टाकतो. लाल रेशमाचा, पटवेकऱ्याने वळलेला, वर्षानुवर्षे तेल आणि घाम मुरलेला तो दोरा वजनात धरत नाहीत आणि त्याचे पैसेही येत नाहीत. संध्याकाळी दुकान झाडताना तो केरात जातो. मागितला, तर कोणताही सराफ तो कागदात गुंडाळून देतो.